परीक्षेची डाळ

अनसिंगच्या फलाटावर सोजरबाई गाठोडं टेकून बसली होती. गाडी काही येईना, म्हणून तिनं शेजारच्या बाकड्यावरच्या दोघांकडे कान लावले.

"गफ्फारभाई, जन्मभर लग्नाच्या देगा चढवल्या, अन् आता मास्तर झाले म्हने?"

"हो नानाजी. पलटनीसाठी नवे सैपाकी शिकवून राह्यलो."

"पन काल त्याईची परीक्षा होती, अन् तुमाले तं रोजा. डाळीचं मीठ चाखलं कोनं?"

"त्याईनंच. मी नुसते त्याईचे तोंडं पाह्यत होतो."

"मंग पास केलं?"

"कराच लागलं! सारी देग चाटूनपुसून साफ केली. मास्तरच्या इफ्तारले घोटभर डाळ ठेवली नाई."

"मंग रोजा कायनं सोडला?"

"पान्यानं. पन नानाजी, इतकं गोड पानी जिंदगीत पेलो नव्हतो."