दाराखालचे पाय

एका दिवंगत शाळेच्या बाईंच्या नावाने चालणाऱ्या शिष्यवृत्ती संस्थेत भाचीचा अर्ज द्यायला गेले होते. समोरच्या बाकावर मायलेकी मुलाखतीसाठी बसल्या होत्या.

"आई, पाय हलवू नकोस ना. अख्खा बाक हलतोय."

"निबंधात माझं काय काय लिहिलंस?"

"तू सांगायचीस तेच. बाईंनी तुला दहावीपर्यंत शिकवलं, त्यांच्यामुळे तू घडलीस."

"सातवीतच शाळा सोडली मी."

"काय?"

"हळू बोल. तू अभ्यासाला बसावंस म्हणून मारायचे थापा. तू त्या कागदावर उतरवशील हे मला काय माहीत!"

"खाली सही आहे माझी, आई!"

"मला परत न्यायला बाई तीनदा घरी आल्या. मी दाराआड लपायचे. तुझी आजी सांगायची, ती घरी नाही."

"जाऊ दे. बाई आता नाहीत. कुणाला कळणार आहे?"

"आत मुलाखत घेतेय ती त्यांची लेक. तेव्हा एवढीशी होती, बाईंचं बोट धरून यायची. तिला दाराखालून माझे पाय दिसले होते."

"सांगितलं तिने?"

"फटीतून बघत होते ना मी. पायांवरची नजर काढली नाही तिने, पण चकार शब्द बोलली नाही."

"ओळखेल तुला?"

"तोंड कुठे पाहिलंय तिने माझं!"

आतलं दार उघडलं. "पुढचा नंबर. पालकांनीही आत यायचंय."

"तू हो पुढे. मी जरा पाणी पिऊन..."

"आई, ऊठ. ती घरी नाही, असं मी नाही सांगणार."