गोधडीचा डावा कोपरा

…नाही हिलालभाऊ, मधोमध नका चालवून बघू, तिथं तुमच्या दुकानातली कुठलीही मशीन चालेल — इथं चालवा, ह्या डाव्या कोपऱ्यावर. इथं फारच जाड आहे. तीस वर्षं सुरतेला पांडेसऱ्यात कापडाचे लूम चालवले मी. आपली रीत एकच — माल जिथं अडेल तिथंच आधी बघायचं. इथून सुई पार झाली की मशीन पसंत.

कुणासाठी? प्रशांतच्या मायसाठी. घरवाली हो माझी. बोटं बघाल तिची तर चाळणी झालीय, तरी हातानंच शिवते. मी म्हटलं मशीन घेऊ, तर काय म्हणते — "हाई तुमना लूम नही शे. नऊ थर शेत, मशीन रडी पडी." मशीन रडेल म्हणे! म्हणून गोधडीच उचलून आणली. ती बहिणीकडे अमळनेरला गेलीय, दुपारच्या गाडीनं येईल. त्याच्या आत मशीन घरात मांडायची, शिवून दाखवायचं — मग सुई हातात धरायचं नाव काढणार नाही. चालवा, चालवा.

अडली? काळ्या पायमशीनचं राहू द्या, म्हातारी झाली ती, माझ्यासारखी. ही पांढरी मोटरची घ्या — ही पण? सुई मोडली? अरेरे. बसू द्या तिला, दम खाऊ द्या. नाही, जागा नाही बदलायची. मला घाई नाही, गाडीला आहे. असं करा, ती मोठी काढा, चामडं शिवायची — हं, दाबा —

हीसुद्धा! तीन मशिनी, एकच कोपरा. काय बाई आहे ही! चिंध्यांची गाठ असेल हो तिथं, मला ठाऊक आहे, रोज त्यावरच झोपतो ना. दिवाळीत शिवून दिली तिनं, तेव्हापासून ही डावी बरगडी दुखते. डॉक्टरनं एक्स-रे काढला, काही निघालं नाही. पट्टा बांधला. ती रोज रात्री तेल चोळायची, बिचारी — आणि तोंडाला पदर लावून बसायची. मला वाटायचं, रडतेय.

कापताय? मोडकी सुई काढायला एवढं उसवावंच लागेल का? बरं, उसवा, पण हळू — काय आहे? दाखवा.

…

ही माझी आहे. चुन्याची डबी. दिवाळीत हरवली होती. मी घर पालथं घातलं, तर ही म्हणते, "उंदीर लई ग्या व्हई." उंदरानं नेली म्हणे! मी तंबाखू सोडावी म्हणून… आणि सोडली हो मी, दिवाळीपासून सोडली. फक्त लोटूच्या टपरीवर उभं राहून जेवढी — ते जाऊ द्या. हसू नका. तीसुद्धा हसतच होती म्हणजे, पदराआड. सहा महिने!

मशीन? नाही, मशीन आता कशाला दाखवता. तीन मशिनी हरल्या, मी चौथा. आधी ही डबी होती तिथं ठेवू द्या — हो, परत आतच! सापडली हे तिला कळलं तर पुढची वस्तू कुठं शिवेल काय सांगावं, चष्मा शिवला तर शोधू कशानं? बरगडीचं काय घेऊन बसलात. काय टोचतंय ते कळलं, आता नाही टोचणार.

एक जाड हातसुई द्या. लाल दोरा. ओवूनच द्या, मला भोक दिसत नाही. आणि तुम्ही नका शिवू, मीच शिवतो, लूमवर सुताचे तुटलेले तार जोडण्यातच जन्म गेला माझा. टाका वाकडा येतोय? येऊ द्या. तिनं विचारलं तर सांगेन, उंदीर शिवून गेला असेल.

सरका जरा तिकडे, उजेड अडतोय.