बर्फावरचा डाग

मिनेसोटात, किडनीच्या डॉक्टरीणबाईंच्या दाराशी माझ्या शेजारी दोघे बसले होते: सुजलेले आर्विड आणि त्यांचा मेहुणा लॉरेन. दोघांत मिळून एकच वर्तमानपत्र, तेही उलटं धरलेलं.

"दाजी, बूट तरी सैल करा."

"केले तर परत चढायचे नाहीत."

"तीन आठवड्यांत एवढं?"

"दिवाळखोर निघाल्या दोन्ही किडन्या. पंधरा टक्के उरल्यात म्हणे. उद्या सुईनं तुकडा काढून बघणार. बाई सारखं विचारतात, लघवीचा रंग कधी बदलला?"

"काय सांगितलंत?"

"लक्ष नव्हतं म्हटलं. तू पेपर का खाली ठेवलास?"

"गोठलेल्या तळ्यावर मासे धरत होतो ना, तेव्हा तुम्ही तिथल्या आपल्या झोपडीमागे लघवीला जाऊन आलात. बर्फावर कोकाकोलासारखा डाग होता."

"तू पाहिलास? आणि बोलला नाहीस?"

"बोललो की. 'दाजी, कॉफी सांडलीत वाटतं!' सगळे खो खो हसले."

"मीही हसलो. मला वाटलं, खरंच कुणाची तरी कॉफी सांडली असेल."

"मला नव्हतं वाटलं, दाजी."

दार उघडलं. नर्सनं आर्विडना हाक मारली.

"ऊठ, लॉरेन. तूही आत चल. तारीख तुलाच ठाऊक आहे."