ह्यायची सनई अन् हिरड्या

मी मूळची सेलूची, काय सांगू तुमाले, लग्न होऊन आली पुलगावले, तवा आमचे हे कापसाच्या गिरणीत होते. गिरणीचं काम पोटासाठी, जीव सारा सनईत. नालवाडीपासून लोक लग्नाचं बोलावणं घेऊन येत. पोरगी झाली, शोभा, तं बारशालेच सांगून मोकळे झाले का हिच्या लग्नात सनई मीच वाजवीन, दुसऱ्या कोणाले हात लावू देणार नाई. लोक हासले, म्हणे नवरीचा बाप पाहुणे पाह्यल का फुंकत बसल. हे म्हणे, फुंकत बसल.

बिडी तं ह्यायच्या ओठाले चिकटूनच राहे. वाजवायच्या आधी बिडी, वाजवून झालं का बिडी, म्हणे छाती मोकळी होते. मी सकाळी राखुंडीनं दात घासले का माह्या हिरडीतून रक्त ये, थुकलं का लाल. ह्यायच्या तोंडातून टिपूस नाई. मंग मले चिडवत, पाह्य, धुरानं किडे मरतात, तूबी दोन झुरके घे. मी म्हणलं, तुमची बिडी तुमच्यापाशीच ठेवा, बाप्पा. पण मलेबी वाटे का ह्यायचेच दात पक्के. रक्त नाई म्हणजे दुखणं नाई, आमच्या साऱ्या चाळीत असंच समजत.

मंग ह्यायच्या तोंडाले वास येऊ लागला, दात लांब दिसू लागले, अन् एक दिवस भाकर खाता खाता समोरचा दात हातात आला, दुखलं नाई, खुपलं नाई, पिकलं बोर गळते तसा. शोभाचं तवा लग्न जमून राह्यलं होतं. मी ह्यायले ओढून वर्ध्याले नेलं. दाताची डॉक्टरीनबाई भली होती, माह्याबी हिरड्या पाह्यल्या. म्हणे, बाई, तुमचं रक्त येते म्हणून दुखणं दिसते तरी. ह्यायच्या हिरडीतल्या बारीक नसा बिडीनं आकसल्या, म्हणून रक्त बाहेर आलं नाई, अन् आतून हाड झिजत गेलं. समोरचे बाकीचे दातबी राह्यचे नाई. ह्यायनं एकच इचारलं, लग्नापर्यंत राह्यतीन का. बाई म्हणे, आधी बिडी सोडा.

बिडी त्याच दिवशी सोडली. अन् सोडल्यावर हिरडीतून रक्त आलं, घाबरून मले दाखवाले आले. बाईनं सांगतलंच होतं, असं होईन, हिरडी जागी होऊन राह्यली. मले रडूच आलं, म्हणलं आता जागी होऊन काय करते.

लग्नाच्या दिवशी सनई घेतली, पण समोरचे दातच नाई तं ओठ आत जाये, सनईच्या तोंडाची पत्ती ओठात धरल्या जाये ना, नुसती हवा निघे. मांडवात कोणी हासलं नाई, तेच मले लय लागलं. मंग सनई दुसऱ्याच्या हातात देली अन् पाहुण्यायले पाणी देत हिंडले. शोभा अंतरपाटामागं रडत होती, बाया म्हणे सासरी जाचं म्हणून रडते. काऊन रडते ते मले ठाऊक होतं.

आता हे घरीच असतात. कवळी बसवून देतो म्हणते जवाई, हे नाई म्हणतात. शोभा येते, लेकराले मांडीवर देते, हे हासतात, पण तोंडावर हात ठेवून. पोटच्या लेकीपुढंबी हात. देव तिले सुखी ठेवो, तुमालेबी ठेवो, भाऊ. माह्यं मागणं मोठं नाई, मरायच्या आधी एकडाव तो हात काढून हासलेले पाहाचे आहेत मले हे.