ब्रेकच्या पायपट्टीला पॉलिश

बसा, मंडळी. सतरंजी लहान आहे, मन मोठं करा, जरा सरका. सुरुवातीलाच एक विचारतो, उत्तर मनात ठेवा. एखाद्यावर आपली माया असेल, तर त्याला द्यायचं काय? आपल्याला आवडतं ते, की त्याला मानवतं ते?

सोपं आहे, म्हणताय? माना डोलावू नका इतक्यात. आधी भास्कररावांची कथा ऐका.

हे भास्करराव डुबल पाटण तालुक्यातले. तहसील कचेरीत अव्वल कारकून होते, मे महिन्यात निवृत्त झाले. पत्नी सरोजताई आरोग्य सेविका, त्यांची नोकरी अजून चार वर्षं बाकी. डोंगरातल्या गावांना लसी पोचवायच्या, बाळंतिणी तपासायच्या, म्हणून त्यांनी एक लहान लाल गाडी घेतलेली. चालवायच्या स्वतः. भास्कररावांना गाडी येत नव्हती. पण मंडळी, निवृत्त माणसाला काहीतरी काम लागतं, नाहीतर तो स्वयंपाकघरात येऊन डबे उघडून बघतो. हसताय कशाला ताई, आमच्याही घरी तेच आहे.

तर भास्करराव म्हणाले, "सरोज, उद्यापासून गाडी मी धुणार. तू नुसतं बसायचं आणि जायचं."

ही माया बरं का. खोटी नाही, अस्सल.

पहिल्या दिवशी त्यांनी बादलीत काय टाकलं असेल? कपड्यांची पावडर! त्यांचा हिशेब सरळ – सदरा मळतो, गाडी मळते, मग पावडर वेगळी कशाला? आणि घासायला भांड्यांची घासणी. महिन्याभरात तो लाल रंग असा झाला, जसा चार उन्हाळे गच्चीवर वाळलेला गमछा. मग त्यावर उपाय म्हणून खोबरेल तेल चोपडलं. गाडी चमकली हो, अगदी न्हाऊन आल्यासारखी. मल्हारपेठेपर्यंत जाऊन आली, तर रस्त्याची सगळी धूळ अंगावर घेऊन आली.

सरोजताई काय म्हणाल्या? "छान दिसतेय," म्हणाल्या आणि गेल्या.

मग एका रविवारी भास्कररावांना बाजारात टायरला लावायच्या पॉलिशची बाटली मिळाली. टायर काळेभोर झाले, तोंड दिसेल असे. भास्करराव खूश. आता हा माणूस पंक्तीत वाढायला उभा राहिला की कुणाला कमी-जास्त वाढायचा नाही. तोच न्याय इथे. टायरला मिळालं, मग सीटनं काय घोडं मारलंय? स्टिअरिंगनं काय पाप केलंय? सगळ्यांना वाढलं. शेवटी वाकून, पाय दुमडून, ब्रेकच्या पायपट्टीलाही, म्हणजे पेडललाही, दोन बोटं. पंक्तिप्रपंच नको!

सोमवारी सरोजताई उताराला लागल्या. वळणावर शेळी आडवी आली. त्यांनी ब्रेकवर पाय दाबला – आणि पाय सटकला. गाडी खडीच्या ढिगात घुसली. शेळी वाचली. सरोजताईंचं मनगट मुरगळलं, दिवा फुटला, लसींचा डबा सीटवरून घसरून खाली आला. चार हात पुढे दरी होती. चार हात, मंडळी.

घरी आल्या. भास्करराव धावत दारात आले. "कसं झालं गं?"

"शेळी आली मध्ये. मलाच वेळेत ब्रेक लागला नाही," त्या म्हणाल्या, आणि मनगटाला पट्टी बांधायला घेतली.

दुसऱ्या दिवशी भास्कररावांनी गाडी ट्रॅक्टरला बांधून अन्वर मुल्लांकडे नेली. अन्वरभाई वीस वर्षं गाड्या धुतात, दुरुस्त करतात. त्यांनी दार उघडलं, स्टिअरिंगवर हात फिरवला, वाकून पायपट्टीला बोट लावलं आणि ते बोट अंगठ्यावर चोळलं.

"साहेब, हे कुणी लावलं?"

"मीच," म्हणत भास्करराव बाकावर बसले.

अन्वरभाई रागावले नाहीत. बाजूला बसून म्हणाले, "रंगाला गाडीचा शांपू, मऊ कापड. घासणी नको, चरे पडतात. आत ओलं फडकं पुरे. टायरचं पॉलिश टायरच्या बाहेरच्या अंगाला, टायर जमिनीला टेकतो तिथेसुद्धा नाही."

"आणि पायपट्टीला सगळ्यात चांगलं काय लावायचं?"

"काही नाही साहेब. साबणाचं पाणी, आणि कोरडं पुसायचं. तिला चमकायचं नसतं. तिला पाय धरायचा असतो."

भास्कररावांनी तिथेच गुडघे टेकले. दातांचा जुना ब्रश मागून घेतला आणि पायपट्टीच्या खाचा न् खाचा घासून काढल्या. नवा दिवा बसेपर्यंत घासत होते.

घरी येऊन म्हणाले, "सरोज, पाय घसरला होता ना? बोलली का नाहीस?"

"तुम्ही पहाटे उठून पुसत होता," त्या म्हणाल्या. "इतक्या हौसेनं केलेल्याला नाव कसं ठेवू? इथून पुढे चप्पल काढून चालवू, म्हटलं. जमेल."

"मरता मरता वाचलीस तू."

"हो."

मग भास्कररावांनी विचारलं, "आणखी काय सांगितलं नाहीस मला?"

सरोजताईंनी थोडा विचार केला. "चहात वेलदोडा नको असतो मला. तीस वर्षं झाली, तुम्ही रोज हातानं कुटून घालता."

मंडळी, त्या माणसानं लग्न झाल्यावर पहिल्यांदा बायकोला विचारलं – "मग काय घालू?" आणि त्या म्हणाल्या, "आलं."

आता तुमच्याकडे येतो. देवाला काय हवं, हे आपण विचारत नाही; आपल्याला जे परवडतं, जे आवडतं, ते त्याच्यावर ओततो आणि भक्ती म्हणतो. तो बिचारा सोसतो. पण घरातली माणसं देव नाहीत हो, त्यांना उतारावरून जायचं असतं. बाटली मायेची असली, तरी ती कुठे लावायची, एवढं विचारायला जीभ झिजत नाही.

तेव्हा हात जोडा आणि म्हणा – देवा, द्यायची हौस दिलीस, आता विचारायची बुद्धी दे.

आणि आत्ता ज्यांना बायकोचं कोपर लागलं, त्यांनी तिकडे बघू नका. इकडे माझ्याकडे बघा. विचारायचं ते घरी जाऊन, चहाला आधण ठेवण्यापूर्वी.