तिसऱ्या रविवारची हरकत

पहिल्यापासून क्रमानं सांगते, म्हणजे तुम्हाले लिहाले सोपं जाईल. मी पुलगावची. बाबा मिलमध्ये होते, आई घरीच, अन् आम्ही दोघं भावंडं, दादा अन् मी. घर आज्यापासून ख्रिस्ती. बाबा सकाळी मिलचा भोंगा व्हायच्या आधी आम्हाले उठवून शास्त्र वाचत, मोठ्यानं, अन् रोज एक वचन पाठ करा लागे. पाठांतरात मी पक्की. स्पर्धेत एका वर्षी स्टीलचा डबा भेटला, दुसऱ्या वर्षी पुन्हा स्टीलचाच डबा, आई म्हणे आता झाकण वेगळं देतील काय ते विचारजो. दादाले पाठ होत नसे, पण तो अर्थ असा सांगे की बाबा म्हणत, हा मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, पंच होईल. झालाही. बाबांचं एक बोलणं होतं, सत्य माहीत असणं वेगळं अन् सत्यावर जीव असणं वेगळं, माहीत तं सैतानालेही असते. मी ते वहीत उतरवून घेतलं. मी सगळंच वहीत उतरवून घेते, सवय आहे.

लग्न होऊन मी आष्टीले गेलती. सात वर्षं संसार झाला, मूल नाई, अन् एक दिवस नवरा शेताच्या रस्त्यावर गाडीवरून पडला तो उठलाच नाई. सासरचे लोक वाईट नव्हते, पण त्या घरात माझी जागा उरली नाई. दादा स्वतः आला, माझी पेटी उचलली अन् म्हणाला, चाल, मागची खोली तुझी. एक शब्द जास्तीचा नाई बोलला. हे मी मुद्दाम सांगून राह्यली, काऊन की पुढं जे सांगणार आहे त्यात तुम्ही दादाले वाईट समजाल, अन् तो वाईट नाई.

मंग सावंगीले एका दवाखान्यात नोकरी लागली, कपडाखोलीत. म्हणजे वॉर्डातल्या चादरी, उश्यांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, धुऊन आलेलं मोजाचं, फाटलेलं वेगळं काढाचं, शिवाचं, वॉर्डाले द्याचं. लोकाले वाटते त्यात काय आहे. त्यात हे आहे की एक चादर कमी निघाली तं ती सापडेपर्यंत मले चैन पडत नाई. म्हणूनच पाळकसाहेबांनी मंडळीचं सेक्रेटरीपण मले दिलं. बाप्तिस्म्याचं रजिस्टर, लग्नाचं, मातीचं म्हणजे दफनाचं, तिन्ही माझ्याकडं. अकरा वर्षं झाली.

आता आमच्यातली एक रीत सांगा लागते, तुम्हाले माहीत नसंल. आमच्यात लग्न ठरलं की लागोपाठ तीन रविवार उपासनेत त्याची जाहिरात वाचतात. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, यांचा विवाह योजला आहे, कोणाची काही रास्त हरकत असेल तर त्यानं आता सांगावी. ते वाचाचं काम सेक्रेटरीचं, म्हणजे माझं. हरकत कोणी घेत नाई. मी थांबते, मनात पाच मोजते, तेवढ्यात बाया नवरीकडं पाहून खोकलतात, नवरी लाजून मान खाली घालते, झालं. एकदा मात्र एक म्हातारे उठून उभे राह्यले, हरकत आहे म्हणाले, सगळ्या मंडळीचा श्वास अडकला, अन् ते म्हणे, माझ्या डोक्यावरचा पंखा काऊन बंद केला? नवरदेवाच्या आईले पाणी पाजा लागलं.

तं दादाचा मुलगा सॅमी. नागपूरले कंपनीत आहे, दिसाले चांगला, बोलाले गोड, माझ्याच अंगाखांद्यावर वाढला. त्यानं तिकडं ऑफिसातल्या एका मुलीशी कोर्टात लग्न केलतं, घरी न सांगता. चार महिने टिकलं. ती माहेरी गेली अन् फारकतीची केस चालू झाली. आम्हाले कळलं ते कोर्टाचा लिफाफा पुलगावच्या पत्त्यावर आला तेव्हा. दारात सही करून तो मीच घेतला. दादानं वाचला, घडी केली अन् म्हणाला, सुलभे, तुझ्या फायलीत ठेव. मी ठेवला. पुलगावात हे फक्त चौघांना माहीत होतं, दादा, वहिनी, सॅमी अन् मी.

अन् मंग वहिनीनं सॅमीसाठी रूथचं नाव काढलं. रूथ म्हणजे कमलची मुलगी. कमल माझ्यासोबत कपडाखोलीत, एकाच टेबलावर, समोरासमोर, नऊ वर्षं झाली. तीही आमच्याच मंडळीची, आम्ही एकाच गाडीनं जातो येतो. नवरा नाई, एकटीनं पोरीले नर्सिंग शिकवलं. वहिनीनं विचारलं तेव्हा ती दुसऱ्या दिवशी चादरीची घडी घालता घालता मले म्हणते, सुलभाताई, मी मुलाची चौकशी गिवकशी काही करत नाई, तुम्ही त्या घरात आहा, मले अजून काय पाहा लागते? मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, कमल, घडी सरळ घाल.

दादाले विचारलं, तं तो म्हणे, अवं लग्नाच्या आत फारकत होऊन जाते, वकिलानं सांगतलं आहे. मी म्हटलं, झाली नाई तं? म्हणे, होते. म्हटलं, झाली तरी पोरीले सांगा लागंल ना. तो म्हणे, वेळ आली की सांगू.

लग्नाचा फॉर्म भराले माझ्याकडंच आला. त्यात एक रकाना आहे, स्थिती. नवरदेवासाठी दोनच शब्द छापलेले, कुमार किंवा विधुर, अन् जे असंल ते पुढं लिहाचं. मी बाप्तिस्म्याच्या रजिस्टरावरून नाव, जन्मतारीख, आईबापाचं नाव उतरवत आली, नेहमी उतरवते तशी, अन् त्या रकान्यापाशी पेन थांबला. विधुर तं नाई. तिसरा शब्द छापलेला नाई. मी कुमार लिहिलं. लोक म्हणतात दबाव होता, दादानं लिहाले लावलं. नाई. दादा खोलीतही नव्हता. लिहिताना मले पूर्ण माहीत होतं. आता काय सांगू तुम्हाले, पाचशे वचनं पाठ असलेली बाई, अन् तीन अक्षरं खोटी लिहून मोकळी झाली.

पहिल्या रविवारी मी वाचलं. पाच मोजले. कोणी बोललं नाई, मीही नाई. सोमवारी कमलनं खोलीत सगळ्या बायांना रव्याचे लाडू दिले, मले दोन. मी खाल्ले.

त्या आठवड्यात कमलनं रूथची लग्नात डोक्यावर घ्याची पांढरी जाळी आणली, काठ शिवाले. आमच्या खोलीत फाटक्या चादरी शिवाची मशीन आहे ना, त्याच मशीनवर जेवणाच्या सुट्टीत ती शिवत बसली, अन् जाळी लांब म्हणून म्हणे, ताई, ते टोक धरा जरा, जमिनीले लागून राह्यलं. मी टोक धरून उभी. बाया चेष्टा करून राह्यल्या, आत्यासासू आत्तापासून सुनेची शेपटी धरून उभी आहे वं! सगळ्या हसल्या. मलेही हसा लागलं. ते टोक मले सोडता येईना अन् धरताही येईना.

घरी येऊन मी वहीत दोन रकाने पाडले, सांगाची कारणं अन् न सांगाची कारणं. न सांगाची पान भरून झाली. दादाचे उपकार, वहिनीचं बी.पी., सॅमीचं आयुष्य, मंडळीत नाव, मी राहीन कुठं. सांगाच्या रकान्यात एकच ओळ, हे खरं नाई.

दुसऱ्या रविवारीही मी वाचलं. उपासना सुटल्यावर घरी दादाले माझ्या मागच्या खोलीत बोलावलं अन् म्हटलं, तू सांग कमलले, नाहीतर मी सांगते. तो चिडला नाई. चिडला असता तं सोपं झालं असतं. तो शांतपणे बसला अन् म्हणे, सुलभे, प्रीती पुष्कळ पापं झाकते, हे तुलेच पाठ आहे ना? मी म्हटलं, झाकते ते दुसऱ्यानं आपलं वाईट केलेलं, आपण दुसऱ्याचं वाईट करून राह्यलो ते नाई. तो म्हणे, तू वचनाची यादी करते वं, मले माणसं सांभाळा लागतात. अन् उठता उठता म्हणे, तुले आणलं तेव्हा मी काही यादी केली नव्हती. वहिनी दारातच उभी होती, ती म्हणे, बोलू द्या त्यांना, ज्यांना लेकरू नाई त्यांना काय समजते.

सॅमीले फोन केला. आत्या, तुझ्या पाया पडतो, म्हणे, शुक्रवारी येतो अन् मीच रूथले सगळं सांगतो. मले बरं वाटलं, खरं सांगते, ओझं उतरल्यासारखं. शुक्रवारी तो आला नाई. शनिवारी कमल माझ्यासमोर आठ तास बसली होती. आठ तास. पाचशेच्या वर चादरी मोजल्या आम्ही. एका चादरीच्या वेळेत सांगून झालं असतं. मी तोंड उघडे अन् म्हणे, कमल, ह्या गठ्ठ्यात एक कमी आहे काय पाह्य.

तिसरा रविवार. मी उभी राह्यली, कागद वाचला, नाव, बापाचं नाव, गाव. कोणाची काही रास्त हरकत असेल तर त्यानं आता सांगावी. बाया खोकलल्या. मी पाच मोजले अन् मंग मीच बोलली, हरकत माझी आहे. मले वाटलं आवाज निघाला नाई, म्हणून पुन्हा म्हटलं. फॉर्मवर स्थितीच्या रकान्यात कुमार लिहिलं आहे, ते माझ्या हातानं लिहिलं आहे अन् ते खरं नाई. दोन रविवार ते माहीत असून मी मंडळीसमोर ही जाहिरात वाचली. पाळकसाहेबांनी उरलेलं आत नेऊन विचारावं. बस, एवढंच. दादा पहिल्या बाकावर पंचांच्या जागेवर होता. तो माझ्याकडं नाई, समोरच्या टेबलावरल्या उघड्या बायबलाकडं पाहत होता.

आतमध्ये मी लिफाफा दाखवला. लग्न थांबलं. अन् फारकत लग्नाच्या तारखेपर्यंत झालीच नाई, अजूनही चालू आहे. म्हणजे कायद्यानं ते लग्नच ठरलं नसतं, रूथ ना इकडची ना तिकडची राह्यली असती.

तुम्हाले वाटंल कमलनं मले मिठी मारली असंल. कमल मंडळीच्या अंगणात माझ्यासमोर आली अन् म्हणे, माझ्यासमोर बसून तुम्ही चादरी मोजत होत्या ताई. माझ्या पोरीची जाळी धरून उभ्या होत्या. मले कपडाखोलीत सांगतलं असतं तं मी मुकाट्यानं नाई म्हटलं असतं, कोणाले काही कळलं नसतं. आता माझी पोरगी गावभर झाली. मी म्हटलं, कमल, मी चुकली. ती म्हणे, हे तरी खोलीत बोला. अन् गेली.

बाबा म्हणत ते मले तेव्हा समजलं. सत्य मले माहीत होतं, पण माझा जीव त्याच्यावर नव्हता, दादानं दिलेल्या मागच्या खोलीवर होता. जीव असता तं पहिल्याच दिवशी, लाडू खायच्या आधी, हळू आवाजात सांगतलं असतं. उशिरा सांगतलेलं सत्य खरंच असते, पण ते ज्याच्यासाठी सांगतलं त्यालेच लागते. मी कोणाले सांगते की वचनाप्रमाणं चाला, तं हेही सांगते, वेळेवर चाला.

आता आजची गोष्ट. दादानं पंचपण सोडलं. मले घरातून काढलं नाई, काढणारही नाई, तो तसा माणूस नाई, पण तेव्हापासून माझ्याशी बोललाही नाई. काही सांगाचं असलं की तो वहिनीले सांगते, तिले सांग गॅसवाला येणार आहे, मी तिथंच उभी असतानी. सेक्रेटरीपणाचा राजीनामा लिहून नेला तं पाळकसाहेब म्हणे, बाई, आता तुमच्याशिवाय कोणाले वाचू देऊ? ठेवून घेतलं. म्हणजे तिथूनही सुटका नाई. पोरंटोरं मले हरकतआत्या म्हणतात, मले माहीत आहे. पण एक केलं मी. आता जाहिरात वाचाच्या आधी दोन्ही घरच्यांना समोरासमोर बसवते अन् त्या रकान्यातलं तोंडानं बोलाले लावते. लोकाले राग येते. येऊ द्या.

कमलनं कपडाखोलीत टेबल बदललं. खिडकीपाशी, माझ्याकडं पाठ करून बसते. दुसरी खोली नाई दवाखान्यात अन् दुसरी नोकरी ना तिले भेटते ना मले, म्हणून रोज आठ तास आम्ही एकाच भिंतीच्या आत. मागच्या महिन्यात रूथ आईचा डबा घेऊन आलती. माझ्या टेबलापाशी थांबली. मले वाटलं काही लागेलसं बोलंल. ती म्हणे, आत्या, तुम्ही पहिल्या रविवारी काऊन नाई बोलल्या? मी म्हटलं, भेली, बाई. ती म्हणे, बरं झालं खरं सांगतलं, दुसरं काही सांगतलं असतं तं मी पुन्हा कधी नसती थांबली. अन् आईकडं गेली.

तिले चांगलं घर भेटो, खरं बोलणारं, एवढं मी रोज मागते. तुम्हालेही देव लवकर तोंड उघडाची हिंमत देवो, माझ्यासारखी उशिराची नको. चाला, उठते मी, दादाची जेवाची वेळ झाली. ताट मीच वाढते. तो जेवते, बोलत नाई. मी वाढते.