तात्या फाटकात उभे राहिले तेव्हा

रस्ट नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत सर्व्हर खुशाल लिहा, पण तो घरच्यांना समजावून सांगू नका. कोऱ्हाळ्यात आमच्या तात्यांचं, म्हणजे चुलत्यांचं, मंगल कार्यालय आहे. त्याची वेबसाइट मी लिहीत होतो. कुठली मागणी कुठं जायची ते सगळे रूट कोडच्या एकाच फंक्शनमध्ये कोंबलेले, ते वेगळे करायला घेतले.

"ह्ये काय चाललंय?" तात्यांनी विचारलं.

म्हटलं, "प्रत्येक कामाला वेगळं फंक्शन. मुख्य फंक्शननं फक्त दारात उभं राहून काम विचारायचं आणि ज्याच्या त्याच्याकडं धाडायचं. ज्याची नोंद नाही, त्याला माघारी."

तात्यांना हे फारच पटलं. पुढच्या लग्नात आहेराला एक माणूस, जेवणाला एक, पार्किंगला एक आणि फाटकात स्वतः तात्या.

मुहूर्त आला तरी नवरदेवाचा पत्ता नाही. मी फाटकाकडं पळालो.

"तात्या, नवरदेव आला का?"

"बाशिंगवाला व्हय? आल्ता. वाजंत्री पार्किंगला धाडली. त्याला काम इचारलं, तर म्हणला लग्न."

"मग?"

"लग्नाचं काम कुणाकडंच दिल्यालं न्हाय. म्हणलं, माघारी जा, न्हायतर जेव."

नवरदेव पंगतीत सापडला. बाशिंग वर सारून जिलेबी खात होता. मुहूर्त टळतोय म्हटलं, तर म्हणाला, "एवढा मसालेभात येऊ द्या."